जावई शिडी

माझा थोरला भाऊ खोटं बोलत नाही. गल्लीत कुणालाही विचारा. दुकानदाराने चुकून साबणाची एक वडी जास्त टाकली, तर हा भर उन्हात ती परत द्यायला जाईल आणि मग आठवडाभर जेवताना तीच गोष्ट ऐकवेल. माझ्या लेकीने शाळेतून खडूचा तुकडा आणला, तेव्हा ती रडेपर्यंत सुनावलं त्याने. असला हा सोवळा माणूस शिड्यांच्या कारखान्यात तपासनीस आहे. मीही तिथेच, शिडीच्या पायांना रबरी बूट बसवते.

कारखान्यात एक शिडी आहे, तिला आम्ही जावई म्हणतो. जाड नळ्या, प्रत्येक पायरीला चार रिव्हेट, अंगावर कापड. वजन टाकून चाचणी घ्यायची वेळ आली की जावयाला बाहेर काढायचं, मान द्यायचा, परत गुंडाळून ठेवायचं. विकायच्या शिड्या वेगळ्या. मालकाने आधी नळीचा पत्रा केसभर पातळ केला. दादा म्हणाला, एवढ्याने काय होतंय. मग आणखी केसभर, मग चाराचे दोन रिव्हेट. दर वेळी हा नव्या शिडीची तुलना कालच्या शिडीशी करायचा, जावयाशी कधीच नाही. मी तोंड उघडलं की म्हणायचा, "अगं, सगळीकडे असंच चालतं. आणि माझ्याकडे बोट दाखवणारा अजून जन्मायचाय." साबणाची वडी परत केली की याला बाकी सगळं माफ, असा याचा हिशोब.

मग आमच्या समोरच राहणारा रंगारी पडला. आमच्याच कारखान्याच्या शिडीची वरची पायरी निखळली आणि बिचाऱ्याचा खुबा मोडला. मालक म्हणतो, गडी प्यायलेला होता. त्या माणसाने जन्मात दारूला हात लावलेला नाही. पण तसं ठरलं असतं तर भरपाई गेलीच असती, वर दारुडा म्हणून पुढे त्याला कामावर कोण उभं करणार होतं?

कारखान्यात चौकशीला आलेल्या सरकारी साहेबांनी दादाला विचारलं, "शिडी पक्की होती?"

"मी तपासली ती शिडी पक्की होती," दादा शांतपणे म्हणाला.

एक शब्द खोटा नाही; वजन टाकून तपासला होता तो जावई. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. रंगाऱ्याची बायको कोपऱ्यात बसून माझ्याकडेच बघत होती. नोकरी गेली खड्ड्यात, म्हटलं, आणि नमुना म्हणून आणलेली विक्रीची नवी शिडी दादापुढे उघडून उभी केली.

"दादा, वरच्या पायरीवर चढ. आणि मग म्हण पक्की."

साहेब म्हणाले, "चढा की."

दादाने खालच्या पायरीवर पाय ठेवला, वर बघितलं आणि पाय काढून घेतला.

"गुडघा दुखतोय," तो म्हणाला.

सकाळीच हा चार मजले धडाधड उतरून आला होता. साहेबांनी त्याच्याकडे बघितलं, शिडीकडे बघितलं आणि दारूची गोष्ट तिथेच संपली. रंगाऱ्याला भरपाई मिळाली, मला घरी बसवलं.

दादा माझ्याशी बोलत नाही. आईला म्हणतो, "हिच्यामुळे मला आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलावं लागलं." रंगाऱ्याच्या खुब्याबद्दल अजून चकार शब्द नाही.