शेंदरी अळंबी आणि माझं ओलं फडकं

कान इकडे कर गं पोरी, आणि आधी बोलणी खा. दोन महिने झाले, आत्याकडे फिरकली नाहीस. अंधेरीहून वर्सोवा काय परदेश आहे? चूक माझी होती, मान्य. पण कशी झाली ते लिहून ठेवते, म्हणजे वाचणारे मला अगदीच खुळी समजायचे नाहीत.

तू काचेची बरणी घेऊन आली होतीस. आत भातावर उगवलेली शेंदरी अळंबी, बोटाएवढी. "आत्या, माझं पीक बघ!" इंडस्ट्रियल इस्टेटीत गाळा घेऊन, एसी लावून पीक काढतात, हेच मला पटेना. वर म्हणालीस, अंधारात ती पांढरीच राहते, दिव्याखाली ठेवली की रंग धरते, आणि तो रंग विषाणूला अडवतो का हे तुम्ही लॅबमध्ये तपासताय. ह्यांचे कान लगेच टवकारले. बरणी तू आमच्या शोकेसमध्ये शोभेला ठेवलीस, आणि जाताना तू आणि हे गॅलरीत कुजबुजत होतात. मी पाहिलं.

ह्यांच्या लिव्हरमध्ये जुना विषाणू आहे. रोज एक गोळी, एक दिवससुद्धा चुकवायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. दोन आठवड्यांनी गादी उचलली, तर खाली गोळ्यांच्या पट्ट्या, भरलेल्या! आणि शोकेसमधली बरणी अर्धी.

माझा संशय थेट तुझ्यावर. लगेच बोलावून घेतलं तुला.

तीस वर्षं मासळी विकली मी. शिळ्या मासळीचे कल्ले रंगवून आणणारे कितीतरी पकडले. ओलं पांढरं फडकं फिरवायचं, रंग लागला की टोपली परत. तुझ्यासमोर अळंबीवर तेच फिरवलं. फडकं पिवळंजर्द!

"रंगवलेली आहे! घरच्यांनाच फसवतेस?"

"आत्या, हा रंग तिचाच आहे. पाण्यात उतरतोच तो. लॅबमध्ये आम्ही असाच काढतो."

"कल्लेवालेपण असंच सांगायचे."

तू ह्यांच्याकडे वळलीस. "काका, मी गोळी सोडायला सांगितली तुम्हाला? आम्ही बशीत वाढवलेल्या पेशींवर बघतोय नुसतं. माणसाला काय होतं ते अजून कुणालाच ठाऊक नाही." तू बरणी उचललीस, चप्पल सरकवलीस आणि गेलीस.

मग ह्यांनी तोंड उघडलं. "तिची चूक नाही गं. मीच गॅलरीत विचारत होतो, खाल्ली तर चालेल का. ती नाहीच म्हणाली. पण जन्मभर गोळ्या गिळायच्या, कंटाळा आला मला."

दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडे नेलं. ते चांगलेच तापले, रक्त तपासलं, गोळी पुन्हा सुरू. आता मी पाणी घेऊन समोर उभी राहते, जीभ वर करायला लावते.

"तू पोलीस आहेस काय?"

"हो! आ करा."

तरी काल तुळशीच्या कुंडीत एक गोळी सापडली. फुगलेली. कुठे लपवली होती, देव जाणे. आता मी चहाच्या कपातपण डोकावते.

तुझ्या रंगावर माझा अजून विश्वास नाही, खोटं कशाला बोलू? तो बशीतून माणसापर्यंत येईल तेव्हा बघू. पण तुझ्यावर आहे. आणि ह्यांना तुझ्यासमोर लाज वाटते, माझ्यासमोर काडीची नाही. तू समोर बसलीस तर मुकाट गिळतील.

म्हणून म्हणते, ये गं. रविवारी सकाळी, नाश्त्याआधी, गोळीच्या वेळेला. बोंबील तळते. फडकं लपवून ठेवलंय.