लवूचा मोरीतला पाहुणा

आमच्या आणि लवूच्या खोलीमध्ये नुसती फळीची भिंत. पलीकडे कोण शिंकलं ते इकडे कळतं, तिथे भांडण काय लपणार. सात वर्षांमागे गणपती उठले त्याच दिवशी त्याची बायको कांता म्हणाली, "ह्या घरात एकतर ह्यो बेडूक ऱ्हवतलो, नायतर मी."

"माटवीतसून इलो तो," लवू म्हणाला. "पावण्याक कोण भायर काढता?"

"गणपती दीड दिसान जातत. ह्यो मोरीयेत बसलोहा."

गणपतीवर बांधायच्या माटवीला गावाहून सुपारीचा घोस आला होता, त्यातून हा झाडबेडूक निघाला. माटवीतलं सगळं समुद्रावर पोचवतात. लवूनं एवढं ध्यान मागे ठेवलं.

ध्यानच ते. शिळ्या कणकेच्या गोळ्यासारखं, थुलथुलीत, मोरीच्या लादीला चिकटलेलं. गळा सारखा धडधडतोय. आणि गिळताना डोळे आत ओढून घेतो मेला. मी एकदा बघितलं आणि त्या दिवशी जेवले नाही.

त्याला खायला जिवंत लागतं. म्हणून लवू, गिरणी बंद पडल्यावर भायखळ्याला भाजी मापण्यात जन्म गेलेला माणूस, रोज दिवेलागणीला इस्त्रीचा सदरा घालून, हातात काचेची बरणी घेऊन दारोदार फिरायचा. "वयनी, झुरळ गावला?" जसं काही विरजण मागतोय.

गेल्या वर्षी चाळीत झुरळांचं औषध मारलं. आता औषधातलं झुरळ घातलं तर विष, न घातलं तर उपास. चार दिवस लवूची बरणी रिकामी. बेडकाची कातडी हाडांना लागली, आणि लवूचीही.

माझी खोली तेवढी राहिली होती. औषधाचा वास मला सोसत नाही, म्हणून कुलूप घालून लेकीकडे गेले होते. बेडकाच्या मायेनं नव्हे, सांगून ठेवते. मग काय, चाळीतली उरलीसुरली झुरळं माझ्याकडे राहायला आली. झुरळ अंगावर आलं तर आंघोळ करणारी मी, वाटीखाली झुरळं झाकून ठेवायला लागले. ती वाटी वेगळी केली. अजून तिच्याकडे बघवत नाही.

बेडूक जगला. लवू श्रावणात गेला, झोपेतच. आता कांता येते, नाकाला पदर लावून, माझ्याकडे न बघता बरणी पुढे करते.

जायच्या आदल्या संध्याकाळी लवू आला तो नेहमीसारखाच. चपला बाहेर काढल्या, वाटी उचलली, झुरळ बरणीत घेतलं, झाकणाची भोकं बोटानं चाचपली.

"वयनी, उद्या वायच बारीक झुरळ बघा," म्हणाला, आणि मोरीकडे गेला.