हळदीची फेरी

आगाशीच्या बाजारापासून विरार स्टेशनापर्यंत साठी ओलांडलेला असा एकही माणूस तुम्हाला सापडणार नाही, ज्याला माझ्या बायकोच्या मामांनी एकदा तरी रस्त्यात गाठून हळद पाजलेली नाही. उगाच नाही सांगत मी. ही माणसं लांबूनही ओळखू येतात, कारण त्यांच्या मिश्यांच्या कडा पिवळ्या असतात आणि समोरून मामा दिसले की ती मिळेल त्या दुकानात शिरतात. एकदा एक सत्तरीचे सद्गृहस्थ घाईघाईत बांगड्यांच्या दुकानात शिरले. मामा बाहेर उभेच. आत ते गृहस्थ अर्धा तास बांगड्यांचे रंग बघत होते आणि दुकानातल्या बायका त्यांच्याकडे बघत होत्या. शेवटी बिचारे डझनभर हिरव्या बांगड्या विकत घेऊन बाहेर आले आणि काही न बोलता त्यांनी तोंड उघडलं. मामांनी त्यांना हळद पाजली, वर मिरी भुरभुरली आणि प्रेमाने विचारलं, "काल दुपारी काय जेवलात, सांगा बघू?"

मामा जन्मभर लाल बसवर कंडक्टर होते. अर्नाळ्याहून वसई, वसईहून अर्नाळा, असल्या फेऱ्या करून करून त्यांना या पट्ट्यातली माणसं नावाने नव्हे, थांब्याने पाठ झाली आहेत. कुणाचीही ओळख करून द्या, "हां हां, म्हणजे निर्मळच्या तळ्यापाशी उतरणारे" एवढं म्हणून ते मोकळे. आमच्या लग्नात मी मूळचा साताऱ्याकडचा असं कळल्यावर त्यांचा चेहराच पडला, कारण त्यांच्या अख्ख्या मार्गावर मला उतरवायला जागा नव्हती. पुढे मी वालीवला प्लास्टिकच्या बाटल्यांच्या कारखान्यात सुपरवायझर आहे हे समजलं, तेव्हा कुठे माझा भाव वधारला. बाकीच्या जावयांना दिवाळीत शर्टपीस मिळतो. मला फर्मान मिळतं. "जावईबापू, छोट्या बाटल्या आणा चाळीसेक. झाकण घट्ट बघून आणा हो, गेल्या खेपेच्या गळत होत्या." त्या बाटल्यांतली एक हळदीची आणि एक तुपाची सदैव त्यांच्या डाव्या खिशात असते, आणि उजव्या खिशात मिरी दळायचं छोटं यंत्र. मामी सगळे कपडे एकत्रच धुते. त्यामुळे त्या घरात आता पांढरं म्हणावं असं काही उरलेलं नाही. मामांचा बनियन, देवाचा रुमाल, उशीचे अभ्रे, सगळं एकाच रंगाचं.

आता एवढं वेड लागायला कारण काय, तर मामांचा ड्रायव्हर. हा राजोडीचा, घरची मासेमारी सोडून बसवर लागलेला. बावीस वर्षं दोघं एका गाडीवर. वरिष्ठांनी जोडी फोडायचा प्रयत्न केला की दोघांपैकी एक आजारी पडायचा. "माझ्याशी बोलला नाहीत तेवढं त्या ड्रायव्हरशी बोललात," असं मामी अजून ऐकवते, आणि मामा ते नाकबूल करत नाहीत. रिटायर झाल्यावरही मामा दर आठवड्याला राजोडीला जाऊन त्याच्या ओट्यावर बसून यायचे. आणि दोन वर्षांपूर्वी एकदा असे गेले असताना ड्रायव्हरने त्यांच्याकडे निरखून पाहिलं आणि सुनेला विचारलं, "हा कोन गं?" मामांना वाटलं, मस्करी करतोय. ते खदखदून हसले. मग त्यांनी सुनेचं तोंड बघितलं. त्या दिवशी घरी आल्यावर तळलेला बोंबील तसाच पानात टाकून मामा उठले. मामी सांगते, लग्नानंतर असं पहिल्यांदाच घडलं.

दुसऱ्या दिवशी त्यांना मोबाइलवर तो व्हिडिओ सापडला. हळद खा, मेंदू तल्लख ठेवा! आठवड्याभरात हळदीच्या कॅप्सूलचं पार्सल दारात. डबीवर मेंदूचं चित्र आणि शेजारी बत्तिशी दाखवणारं गोरं म्हातारं जोडपं. मामीने डबी उलटीसुलटी करून विचारलं, "माझ्या मिसळणाच्या डब्यातली हळद काय रांगोळी आहे?" पण मामा शिस्तीचे. ड्रायव्हरला देण्याआधी त्याचे दवाखान्याचे सगळे कागद घेऊन डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी कागद बघून कॅप्सूल बाजूला सारल्या. "त्यांना रक्त पातळ ठेवायची गोळी चालू आहे. त्यावर ह्या अजिबात द्यायच्या नाहीत. आणि ह्याने गेलेली आठवण परत येते असं मी तरी म्हणणार नाही. तुमच्या समाधानासाठी दुधात चिमूटभर घरची हळद घालायची तर घाला." एवढ्या बोलण्यातलं मामांनी शेवटचं वाक्य तेवढं उचललं. "चिमूटभर म्हणजे नक्की किती? माझी चिमूट की तुमची?" डॉक्टरांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

झालं! बाजारची हळद भेसळीची म्हणून मामांनी घरामागच्या वाडीत केळींच्या मधल्या जागेत हळद लावली. ती उकडायला मामीचा आंघोळीचा हंडा घेतला, वाळवायला शेजाऱ्यांची गच्ची घेतली, आणि दळायला घेऊन गेले ते थेट पिठाच्या गिरणीत. गिरणीवाला नाही म्हणत होता हो. पण मामांनी त्याला त्याच्या कॉलेजच्या दिवसांची आठवण करून दिली. तो कुणासाठी, कुठल्या थांब्यावर, किती बसेस सोडून उभा राहायचा, हे त्याच्या बायकोच्या देखत सांगायला सुरुवात केल्यावर त्याने गुपचूप पट्टा चढवला. पुढचे तीन दिवस अर्ध्या आगाशीने पिवळ्या भाकऱ्या खाल्ल्या. त्यात नेमकी संकष्टी. एका घरी उकडीचे मोदक असे काही पिवळेजर्द झाले, की देवापुढे ठेवावेत की नाही यावर घरात दोन तट पडले. मामा तिथेही हजर. "ठेवा ठेवा, देवाला काय कमी लक्षात ठेवावं लागतं?"

मिरीचं खूळ त्यानंतरचं. नुसती हळद अंगी लागत नाही, सोबत मिरी आणि तूप हवं, असं कुठेतरी वाचलं आणि मग मामांच्या हातून काही सुटेना. चहावर मिरी, श्रीखंडावर मिरी. माझ्या मेव्हण्याच्या हळदीला तर त्यांनी कहर केला. मांडवात बँड वाजतोय, बायका वाटी घेऊन नवरदेवाभोवती जमल्यात, आणि मामा मागे उभे राहून हळहळतायत, "अरे, एवढी हळद वरून चोपडून वाया घालवता! आत जायला नको?" कुणी लक्ष देईना म्हणून त्यांनी सगळ्यांची नजर चुकवून त्या वाटीत तूप ओतलं आणि यंत्र फिरवून मूठभर मिरी दळली. पहिला हात करवलीने नवरदेवाच्या गालाला लावला. दुसरा नाकाला. मग जो माणूस शिंकायला लागला! बँडवाल्यांना वाटलं ताल धरलाय, त्यांनी शिंकांवर ठेका बसवला. लाल डोळ्यांनी मेव्हणा किंचाळतोय, "कुणी केलं हे?" आणि मामा शांतपणे मला सांगतायत, "बघितलंत जावईबापू? लगेच मेंदूपर्यंत पोचली."

पण त्यांचं मोठं काम चालतं ते आगाशीच्या देवळामागच्या तळ्याकाठी. तिथल्या बाकांवर सकाळी अकरा म्हातारे बसतात. मामांनी प्रत्येकाला एकेक पुठ्ठ्याचं कार्ड दिलंय. रोज हळद घेतली की मामा जुना तिकिटाचा चिमटा काढून कार्डाला टक्कन भोक पाडतात. भोकाशिवाय जागेवरून उठायचं नाही. कुणाला अर्धी चिमूट, कुणाला पाऊण, कुणाला पुरी, सगळं ठरलेलं. आणि मधेच कधीतरी, पूर्वी बसमध्ये तिकीट तपासायला साहेब चढायचे तसे, हे कुणाच्याही घरी धडकतात आणि दारातूनच ओरडतात, "चेकिंग!" मग परीक्षा. एका आजोबांना त्यांनी विचारलं, सोमवारी कोणती भाजी होती? दुधी. मंगळवारी? दुधी. बुधवारी? दुधी. मामांनी दुःखाने मान हलवली. "एकाच थांब्यावर अडकलेत, पुढे सरकत नाहीत." एवढ्यात आतून सून तरातरा बाहेर आली. "अहो, बरोबर सांगतायत ते! वाडीतून हातभर लांब दुधी आलाय. तुम्ही न्या अर्धा आणि तुमच्या घरी परीक्षा घ्या!" मामा खरोखरच अर्धा दुधी घेऊन घरी आले.

मी एकदा वैतागून विचारलं, "मामा, त्या गरीब म्हाताऱ्यांचा का छळ मांडलाय?" मामांनी चिमटा खिशात ठेवला आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली आला. "जावईबापू, बरोबर चिमूट कोणती ते आधी कळायला नको का? अंदाजाने ड्रायव्हरला दिली आणि चुकीची गेली तर? त्याच्याकडे आता फार काही शिल्लक नाही हो." दुसऱ्या दिवशी मी चाळीस बाटल्या नेऊन दिल्या, झाकणं तपासून.

शुक्रवारी आमच्या कारखान्याला सुट्टी असते. मागच्या महिन्यात एका शुक्रवारी मामांच्या गुडघ्याने संप केला, म्हणून मी त्यांना स्कूटरवरून राजोडीला घेऊन गेलो. ड्रायव्हरचं घर सुरूच्या झाडांजवळ, किनाऱ्याच्या रस्त्याला लागून. म्हातारा रस्त्यात उभा राहून पर्यटकांच्या गाड्या मागे घेऊन देत होता. "येऊ द्या, येऊ द्या, डावीकडे मारा, बास!" आवाज खणखणीत, हातवारे अचूक. आमची स्कूटर दिसताच आम्हालाही त्याने तशीच लावून दिली आणि मामांना म्हणाला, "बीच समोर हाय. पानी पायजे तर आत मागा."

"बसतो जरा," मामा म्हणाले.

सून दूध घेऊन आली. मामांनी खिशातून बाटली काढून मोजून पाऊण चिमूट घातली, वर मिरी दळली. ड्रायव्हरने घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "दुधात मिरी कोन टाकतं?" पण प्याला सगळं. मग पाहुण्यांशी चार शब्द बोलायला हवेत म्हणून त्याने मामांना विचारलं, "तुम्ही लाल गाडीत बसलेत कधी?"

"बसलोय थोडाफार."

"मी ड्रायव्हर होतो. बावीस वर्षं. आनि माझा एक कंडक्टर होता, एक नंबरचा खडूस! सुट्ट्या पैशावरनं भांडायचा, पावसात छत्री मिटून चढा म्हनायचा. पन मानूस सोन्याचा. एकदा काय झालं, कोळनीची मासळीची टोपली थांब्यावर राहिली. गाडी पार पुढं गेलेली, भरलेली, आनि हा बाबा मला सांगतो, फिरव मागं! पॅसेंजर बोंबलतायत. फिरवली मी गाडी. त्याचं ऐकावंच लागायचं."

मामांना राहवलं नाही. "टोपली नव्हती ती. म्हातारीच खाली राहिली होती. टोपली गाडीत होती."

ड्रायव्हर उसळला. "तुम्हाला काय म्हाईत? तुम्ही होता काय तिथं?"

मामा म्हणाले, "नाही. मी नव्हतो."

"मग!" ड्रायव्हर समाधानाने मागे रेलला.

थोड्या वेळाने मामांनी विचारलं, "कुठे असतो हो तो आता, तुमचा कंडक्टर?"

"आगाशीला. येतो ना. दर शुक्रवारी येतो. आज काय वार?"

"शुक्रवार."

"मग येलच. थांबा तुम्ही, भेटवतो."

आणि आम्ही थांबलो. अहो, खरंच थांबलो. ड्रायव्हर आणि मामा ओट्यावर शेजारी शेजारी बसून रस्त्याकडे बघत होते. रिक्षा आली की ड्रायव्हर उठून बघायचा, आणि मामाही मान उंच करून बघायचे. मधेमधे तो त्या कंडक्टरच्या आणखी गोष्टी सांगायचा. काही खऱ्या, काही अशा की मामांनी जन्मात केल्या नसतील. मामांनी एकही दुरुस्त केली नाही. ऊन कलायला लागलं तशी सून मला हळूच म्हणाली, दर शुक्रवारी हे असंच असतं. मी उगाचच स्कूटर पुसायला गेलो.

निघताना ड्रायव्हर ओशाळला होता. "आज काय झालं कोन जाने. असा चुकवत नाय तो."

"येईल हो," मामांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "गुडघा धरला असेल. पुढच्या शुक्रवारी नक्की येईल."

"तुम्ही पन या. तुमची भेट करून देतो."

"येतो ना," मामा म्हणाले.

परतीच्या वाटेवर मागून माझ्या खांद्यावर थाप पडली. "वार लक्षात आहे, बघितलंत? शुक्रवार म्हणाला. आगाशी म्हणाला. जावईबापू, पाऊण चिमूट. पाऊणच बरोबर, लागू पडतेय!" डॉक्टर काय म्हणाले होते ते मला चांगलं ठाऊक होतं. मी म्हटलं, "हो मामा, फरक दिसतोय."

नंदाखाल गावाच्या वळणावर ते एकदम म्हणाले, "खडूस म्हणाला मला! एक नंबरचा खडूस!" आणि हसायला लागले. आगाशी येईपर्यंत ते मागे बसून हसत होते. मी स्कूटर हळू चालवली आणि आरशात बघितलं नाही.