बंदराची न धरणारी भिंत

सुरुवातीलाच सांगते, म्हणजे नंतर कमेंटमध्ये कुणी माझं डोकं खायला नको. भूतखेत, करणी, अमावस्या... असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. मी आर्किटेक्ट आहे. भिंतीला ओल आली की मी आधी पाइप बघते. पण हे प्रकरण काही केल्या डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितेय.

कोल्हापुरात पंचगंगेच्या काठाला माझ्या मामांची गुळाची जुनी पेढी आहे. तिला सगळे ‘बंदर’ म्हणतात. समुद्र कुठे, आम्ही कुठे! पण मामांच्या आजोबांचा गूळ बैलगाड्यांतून घाट उतरून राजापूरच्या बंदरात जायचा. तिथल्या वखारी बघून गृहस्थ इतके खूश झाले की परत येऊन इथे तशीच इमारत बांधली. खाली काळ्या दगडाच्या कमानी, वर माल ठेवायचं लांबलचक दालन, आणि त्या दालनाला नदीच्या बाजूने एक मोठा दरवाजा. बाहेर ना जिना, ना गॅलरी. दार उघडून पाऊल टाकलं की थेट खाली! वर भिंतीतून बाहेर आलेली सागवानी तुळई आणि तिला कप्पी... गलबतातला माल उचलायला. पंचगंगेत गलबत! आता काय बोलणार?

मामांना सगळे अण्णाच म्हणतात, मीही. मामी गेल्यापासून ते त्या वरच्या दालनात एकटे राहतात. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, ऑपरेशनला नकार, आणि रोज सकाळी चहा घेऊन बसायचं कुठे, तर त्याच दारात! पाय बाहेर सोडून! दाराला कुलूप लावलं, तर अण्णांनी ते तोडलं. पुण्याहून मामेभाऊ महावीरचा रोज फोन — “ताई, अण्णा एक दिवस खाली पडणार. ते दार बुजवून टाक.” भीती मलाही वाटायचीच.

म्हणून उन्हाळ्यात दिलीप मिस्त्रींना बोलावून दार विटांनी बुजवलं. आठवड्याने गेले, तर सांध्यातलं सिमेंट ओलं. बोट लावलं की निघतंय! मिस्त्रींना झाडलं, दुसरं पोतं आणलं, विटा काढून पुन्हा बांधकाम. पुन्हा तेच. आता, सिमेंटमध्ये गोड गेलं की ते धरत नाही, हे मला माहीत आहे. आणि ही तर गुळाची पेढी! मी तडक अण्णांकडे गेले.

“अण्णा, खरं सांगा, मालात गूळ घातलासा काय?”

“खुळी हैस काय गं? गुळाचा भाव बघितलीस काय? आणि त्यो मी भिताडात घालू?”

तिसऱ्या वेळी दाराच्या कडेचे दगड घासून धुऊन घेतले. मिस्त्री बदलला. माल माझ्यासमोर कालवला, आणि उरलेल्यातून त्याच मजल्यावरच्या न्हाणीघराची भेग भरून घेतली. न्हाणीघरातलं सिमेंट दगडासारखं झालं. दारातलं तसंच, लोण्यासारखं! शेवटी वैतागून मी बोटाला लावून चाखलं. हसू नका. गोड नव्हतं... खारट होतं. वाळू नदीची, पाणी नळाचं, आणि चव समुद्राची. नवा मिस्त्री हात जोडून म्हणाला, “म्याडम, पैसं नगं, पर ह्ये काम आमाला न्हाय जमायचं.” निदान दारात विटा तरी उभ्या आहेत, असं म्हणून मी नाद सोडला.

मग पाऊस आला आणि धरणाचे दरवाजे उघडले. सगळी गल्ली पै-पाहुण्यांकडे निघून गेली. मी गाडी घेऊन न्यायला गेले, तर अण्णा जागचे हलेनात. “माझ्या आज्ज्यानं बंदर बांधलंय. पाण्याला भिऊन कोन बंदर सोडतंय व्हय?” अशा माणसाशी काय बोलायचं! हात धरून ओढलं, रडले, शेवटी चिडून निघून आले.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कमानी पाण्याखाली, जिना पाण्याखाली. खिडक्यांना चोरांच्या भीतीने बसवलेले जाडजूड गज. मी पाण्याच्या कडेला उभी, कानाला फोन, आणि अण्णा पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाले, “पोरी, पाय भिजाय लागलं गं.”

तालमीतले चौघे निघाले. बोट नव्हती, म्हणून गुऱ्हाळावरची काहील आणली होती. गूळ शिजवायची ती अजस्र कढई, पुरात आमच्याकडे तीच नाव होते. काहील भिंतीला लागली आणि एकजण ओरडला, “अण्णा, आत यायचं कुठनं?” फोनवर माझ्या तोंडून निघालं, “अण्णा, ती भिंत ढकला!”

ढकलली. म्हाताऱ्या माणसाने, नुसत्या हातांनी. विटा धपाधप पाण्यात पडल्या. इतक्या वर्षांत त्या दाराला पहिल्यांदाच एखादी नाव लागली होती. पोरांनी अण्णांना उचलून काहिलीत बसवलं. कडेला उतरल्यावर मी त्यांना मिठी मारली आणि मग असं काही झापलं, की पोरं दुसरीकडे बघायला लागली.

पाणी ओसरल्यावर चिखलाचा राडा काढायला गेले. दारात खालचे काही थर शिल्लक होते, साधारण कमरेएवढे. तेवढे काढून नीट लाकडी दार बसवू म्हटलं. दिलीप मिस्त्रींनी छिन्नी मारली. छिन्नीचं टोक उडालं. ओलं सिमेंट पुराच्या पाण्यात आठवडाभर राहून असं पोलादासारखं होतं? माझ्या ओळखीच्या दोन इंजिनियरांना विचारलं. दोघेही येऊन स्वतः छिन्नी मारून बघून गेले.

अण्णा आता परत तिथेच राहतात. सकाळी चहा घेऊन त्या दारातच बसतात, पण पाय बाहेर सोडता येत नाहीत. तो कट्टा आडवा येतो. त्याच्यावर कोपर टेकतात आणि नदीकडे तोंड करून त्यांना न दिसणारं काहीतरी बघत बसतात. परवा मी पुन्हा विचारलं, “अण्णा, खरं सांगा, काय केलं होतंसा?”

“मी कशाला काय करू? आज्ज्याला ठावं, कितपत भिंत पायजे ती.”

मला हे उत्तर चालत नाही. दुसरं माझ्याकडे नाही.