दिगंबरची मिशी आणि गळका मास्क

आमच्या पोहणाऱ्या मंडळीत किस्से सांगायला म्हणून कुणी बसत नाही, ते निघतात. धरणातून नाहीतर विहिरीतून बुडालेल्या एखाद्याला काढून घरच्यांच्या ताब्यात दिलं की परतीच्या गाडीत कुणी तोंड उघडत नाही. मग कारंजा गावाच्या अलीकडे टपरीवर गाडी थांबते, चहाचा पहिला घोट पोटात जातो आणि कुणीतरी म्हणतं, "सावंत सरांचे मास्क आठवतात का बे?" झालं! मग आणखी एकेक चहा सांगावाच लागतो. असं करत करत इतके किस्से जमलेत की आता नवीन माणसाला टपरीवरच आमची ओळख होते.

सावंत सर कोकणातले, नेव्हीतून रिटायर झालेले पाणबुडे. त्यांची लेक आमच्या कारंजात दिलेली. नातवाला पाहायला म्हणून हिवाळ्यात आले आणि आमच्या नादी लागले. सोबत पाण्याखाली श्वास घ्यायच्या सिलिंडरचे दोन संच आणि डोळे-नाक झाकणारे पोतंभर मास्क घेऊन आले होते. म्हणाले, "मी शिकवतो. पण ज्याचा मास्क गळेल, त्याला खोल पाण्यात नेणार नाही. डोळ्यांत पाणी गेलं की माणूस घाबरतो, आणि खाली घाबरला की संपला."

माझा फोटो स्टुडिओ. दिवसभर लोकांना "मान वर, हनुवटी खाली" सांगणारा माणूस, म्हणून कुणाच्या तोंडाला कोणता मास्क बसतो ते पाहण्याचं काम माझ्याच गळ्यात पडलं. सगळ्यांना बसला हो! फक्त दिगंबरला बसेना.

दिगंबर मानोऱ्याकडचा शेतकरी. आमच्यात सगळ्यात दमदार बुडी त्याची. त्याचा धाकटा भाऊ राजू गावाजवळच्या धरणात बुडाला, तेव्हा आमच्याजवळ सिलिंडर नव्हतं. बाहेरून माणसं येईपर्यंत त्याचा बाप काठावर बसून राहिला, घोटभर पाणीसुद्धा घेतलं नाही. तेव्हापासून दिगंबरचं एकच म्हणणं, "दुसऱ्या कोणाच्या बापाले असं बसा लागू नये. खाली जाणारा आपल्यातलाच पायजे." आणि नेमका त्याचाच मास्क गळायचा. कारण त्याची मिशी. झुपकेदार, थेट नाकाखालून सुरू होणारी, मास्कची रबरी कड जिथं टेकते तिथंच नेमकी उगवलेली!

*

मास्क पारखायची सरांची रीत सोपी होती. पट्टा डोक्यामागे घ्यायचा नाही. मास्क नुसता चेहऱ्यावर ठेवायचा, नाकानं श्वास ओढायचा, हात सोडायचे. चिकटून राहिला तर तो तुमचा.

स्टुडिओच्या ओट्यावर सगळे रांगेत उभे. तेवढ्यात एक बाई लग्नाच्या पोरीचा फोटो काढायला आली. पाहते तर बाप्ये माणसं ओळीनं उभी, तोंडावर काचा, हात लोंबकळलेले, कुणीच बोलत नाही! तिनं पोरीचा हात धरला. "चाल वं, इथं काहीतरी येगळंच चालू हाय."

गेलं गिऱ्हाईक! मी मागे पळालो, पण माझ्याही तोंडाला मास्क होता हे लक्षातच नव्हतं. ती बाई मग पळतच सुटली.

त्या रांगेत एकाच माणसाचा मास्क पहिल्या झटक्यात खाली पडला. दिगंबरनं तो उचलला, पुसला, पुन्हा लावला. पुन्हा पडला.

*

शकीलभाईचं पंक्चरचं दुकान. त्याला हे पटेचना. "अरे भाई, ट्यूब असो की मास्क, लीक म्हंजे लीक! आना इकडं."

दिगंबरचा मास्क त्यानं पाण्याच्या घमेल्यात बुडवला. दाबला, फिरवला, बुडबुडे कुठून येतात ते कान लावून बसला. घमेल्याभोवती ही गर्दी! कुणी म्हणे इथून निघाला, कुणी म्हणे तिथून. शेवटी शकीलभाईनं मास्क बाहेर काढला, फडक्यानं पुसला आणि दिगंबरच्या तोंडाकडं बराच वेळ पाहत राहिला.

"मास्क एकदम ओके हाय, दिगंबरभाऊ. पंक्चर तुमच्या थोबाडात हाय!"

दिगंबर सोडून सगळे हसले.

*

काचेवर वाफ धरू नये म्हणून पाण्यात उतरण्याआधी मास्कमध्ये थुंकायचं आणि विसळून घ्यायचं, हे सरांनी शिकवलं. थुंकायला सांगितल्यावर आमच्याकडच्या माणसाला कसली अडचण?

प्रमोद एसटीत कंडक्टर. गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा नसेल तर तिकीट फाडता येत नाही असा माणूस. त्यानं आपलं इमानदारीत थुंकून घेतलं आणि विसळायचं विसरून विहिरीत बुडी मारली. दुसऱ्या क्षणाला वर! "रक्त! रक्त! सर, खाली सगळं लाल दिसून राह्यलं!"

आम्ही दोराला झोंबलो, सर कपड्यांनिशी विहिरीत. प्रमोदला पायऱ्यांवर ओढून घेतलं, मास्क काढला, आणि सरांनी तो नाकाजवळ नेला.

"प्रमोद," सर म्हणाले, "सुपारी कच्ची की भाजकी?"

*

संगीताताई आमच्यातली एकटी बाई, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. सरावासाठी मास्क घरी घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी हात हलवत आली. "सासूबाई देऊन नाही राह्यल्या."

सर स्वतः गेले मागायला, मीही सोबत. म्हातारी स्वयंपाकघरात मास्क लावून बसलेली, समोर कांद्याचा ढीग. डोळ्यात टिपूस नाही! "काय वं, हे पाव्हणे कायले आले?"

सर वाकून चारी बाजूंनी पाहू लागले. कानशिलाजवळ, नाकाखाली, कुठं फट नाही. मला म्हणाले, "इतका फिट बसलेला मास्क मी नेव्हीतसुद्धा पाहिला नाही."

"आजी, आता द्या तो," मी म्हटलं.

"आज भेटत नाही," म्हातारी म्हणाली. "आजून मिरच्या कुटाच्या हायेत."

*

दिगंबरचे उपाय चालूच. व्हॅसलिन झालं, खोबरेल झालं. मग त्याच्या बायकोनं घरचं लोणी मिशीला थापून दिलं. गावतलावात उतरला, लोणी पसरलं काचेवर, पुढचं काही दिसेना. तरी पठ्ठ्या सरांनी सरावासाठी बुडवलेला माणसाएवढा पुतळा शोधत खाली चाचपडत राहिला आणि एकदम कशाला तरी मिठी मारून वर आला. "सर! सापडला!"

म्हशीचा मागचा पाय होता. म्हैस आपली पाण्यात निवांत बसलेली, तिनं मान वळवून त्याच्याकडं पाहिलं.

"सोड तिला," सर काठावरून ओरडले, "ती आपली आपण निघेल!"

हसून हसून मुरकुंडी वळली आमची. त्या भरात मी बोलून गेलो, "अबे, मिशी काढून टाक ना एकदाची!"

हसणं थांबलं. दिगंबरनं माझ्याकडं असं पाहिलं की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "माहा बाप जित्ता हाय," तो म्हणाला. आमच्याकडं मिशी बाप गेल्यावरच उतरवतात. एका पोराला पाण्यात घालवलेल्या बापासमोर दुसऱ्यानं तसं तोंड घेऊन जायचं? मला आधी कळायला पाहिजे होतं.

सर आता नाहीत. प्रमोदची बदली झाली, संगीताताईची सासूही गेली. आज आमच्याजवळ नवे कोरे मास्क आहेत, मिशीवाल्यांसाठी वेगळे मिळतात म्हणे. पण त्या हिवाळ्यासारखी मजा नाही बुवा. फार आठवण येते.

*

सर कोकणात परतायच्या आदल्या दिवशी शेवटची परीक्षा होती, दिगंबरच्या गावाजवळच्या धरणात. राजू गेला तेच धरण. एकेक जण सरांसोबत खाली जाऊन येत होता. दिगंबर काठावर सिलिंडर उचलून देत होता, पट्टे आवळून देत होता. त्याला नेणार नाही हे सरांनी सांगून टाकलं होतं.

दुपारी त्याचा बाप पांदणीच्या वाटेनं येताना दिसला. खांद्यावर दुपट्टा, हातात पिशवी. राजू गेल्यापासून म्हातारा त्या काठाकडं फिरकला नव्हता. सुनेनं त्याला सगळं सांगितलं असावं. येऊन दगडावर बसला, पिशवीतून साबण, ब्रश आणि वस्तरा काढला.

"बस खाली."

"बा, लोकं काय म्हणतीन?"

"लोकायले मी दिसून नाही राह्यलो काय? हा काय, समोर बसलो हाव! मी मेल्यावर काढशीन, तवा तुले खाली कोण नेईन? सायेब तर उद्या जाऊन राह्यले. बस."

दिगंबर बसला. म्हाताऱ्यानं त्याची हनुवटी धरली. एका जागी थोडं लागलं, त्यावर त्यानं तुरटी फिरवली. आम्ही सगळे पाण्याकडं पाहत उभे होतो. मग सर आले, मास्क दिगंबरच्या तोंडावर ठेवला आणि म्हणाले, "श्वास ओढ." हात सोडले. मास्क चिकटून राहिला.

ते दोघं खाली गेले. म्हातारा दगडावर बसून बुडबुडे पाहत होता. मी विचारलं, "काका, पाणी देऊ का?" त्यानं मानेनंच नको म्हटलं.

बऱ्याच वेळानं दिगंबर वर आला. काठाला लागला, मास्क काढला. आत थेंब नव्हता. कुणीतरी टाळ्या वाजवायला हात उचलले आणि तसेच खाली घेतले, कारण म्हातारा उठून पाण्यात गुडघ्यापर्यंत गेला होता.

"का गा," त्यानं विचारलं, "खाली लय थंडं असते काय?"

दिगंबरनं बापाकडं पाहिलं. मिशी नसल्यानं त्याचे ओठ उघडे दिसत होते, निळे पडलेले.

"नाही, बा," तो म्हणाला. "कोमट हाय."