भावाच्या दाराशी व्हिक्टर

उत्तनच्या व्हिक्टरला मी ओळखतो तो आमच्या नाटकांचा पडदा ओढायचा तेव्हापासून. उजेडात आम्ही राजे, आणि तो अंधारात दोरी धरून उभा. टाळ्या आम्हाला पडायच्या, खूश तो व्हायचा. आता माझी नाटकं संपली. तो थोडी भातशेती करतो आणि मी भाईंदर पूर्वेहून बस धरून त्याच्याकडे गप्पा मारायला जातो.

काही वर्षांपूर्वी त्याच्या धाकट्या भावाच्या, मॅक्सवेलच्या मुलाने, ॲलनने, मासळीच्या टेम्पोखाली एका म्हातारीला चिरडलं. टेम्पो ड्रायव्हर धाकू चालवत होता असं सांगायचं घरच्यांनी ठरवलं. धाकू रत्नागिरीकडचा, पोटार्थी माणूस. मान खाली घालून तो पोलिसांबरोबर गेलाही. पण वळणावरच्या शेतात व्हिक्टर होता. त्याने पाहिलं होतं. कोर्टात शपथेवर त्याने पुतण्याचं नाव घेतलं. ॲलन तुरुंगात गेला, धाकू सुटला आणि मॅक्सवेलने भर रस्त्यात सांगितलं, मला भाऊ नाही.

मी व्हिक्टरला रागावलो होतो. गप्प बसला असतास तर कोण विचारणार होतं? तो म्हणाला, ज्याला विचारायचं असतं तो वरून विचारतोच.

ऑक्टोबरात उत्तनला आगेरा असतो. नव्या भाताच्या लोंब्या चर्चमध्ये अर्पण करायच्या आणि मग सगळ्या घराने एकत्र बसून नव्या तांदळाचं जेवायचं. भावाच्या मनात तुझ्याविषयी अढी असेल तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी त्याच्याकडे जा, ही येशूची आज्ञा. ऐकतात सगळेच. व्हिक्टर ती पाळतो. लोंब्यांची जुडी चर्चच्या पायरीवर ठेवतो आणि सगळे आत शिरत असताना तो मॅक्सवेलच्या घराकडे निघतो. पहिल्या वर्षी दार उघडलं नाही. पुढच्या वर्षी भावजय लिनेटने खिडकीतूनच विचारलं, ‘आता कोनाला आत घालायला आलास?’

यंदा मी सोबत होतो. दार मॅक्सवेलने स्वतः उघडलं. फार खंगला होता.

‘दादूस,’ तो म्हणाला. इतक्या वर्षांनी ती हाक ऐकून व्हिक्टरने चौकट धरली. ‘अपील लागलंय. वकील बोलतो, तू एवढंच लिहून दे, अंधुक दिसत व्हतं. मग ये आत. लिनेटनं रांधलंय. तुजं ताट हाय.’

आत ताटं मांडलेली मला दिसत होती. भाताची वाफ निघत होती. एका वाक्याचा प्रश्न. खोटी वाक्यं बोलूनच मी जन्मभर पोट भरलं. मनात म्हटलं, बोलून टाक रे बाबा.

व्हिक्टरने चौकट सोडली.

‘मॅक्सी, लख्ख ऊन व्हतं. धाकूला पन पोरी हायत. दुसरं काय पन माग. शेत माग, देतो.’

‘मला माजा पोर पायजे,’ मॅक्सवेल म्हणाला आणि त्याने दार लावलं. आपटलं नाही. आजारी माणसाच्या खोलीचं लावतात तसं, हळूच. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

परतताना व्हिक्टर रडत होता, लपवत नव्हता. मिस्साची प्रार्थना संपून लोक जेवायला घरोघर गेले होते. फादरनी त्याला मागेच सांगितलं होतं, तू जाऊन आलास ना, आता अर्पण करायला मोकळा आहेस. त्याने रिकाम्या चर्चमध्ये वेदीपुढे जुडी ठेवली, गुडघे टेकले आणि फाटक्या आवाजात गाऊ लागला. गाल ओले होते, पण चेहऱ्यावर सुख होतं. खोटं सुख मी लांबून ओळखतो, माझा धंदाच होता तो. हे खोटं नव्हतं.

बाहेर आल्यावर मला राहवलं नाही. भाऊ गेला, पुतण्या गेला, लोक ‘साक्षीदार आला’ म्हणून पाठ फिरवतात. तुला आनंद कसला होतो?

‘दुखतंय मास्तर, खूप दुखतंय. पन येशूचं ऐकलं ना, की आत एक जागा ऱ्हाते तिथं दुखत न्हाय. ती कोन काढून घेत न्हाय.’

घरी त्याने दोघांपुरता भात टाकला. जेवता जेवता तो म्हणाला, पुढच्या आगेऱ्याला पुन्हा जाणार. दार उघडेल, असं काही तो म्हणाला नाही.