आईचा कोरडा प्रवास

ऐंशीच्या दशकात अमेरिकेतल्या माझ्या भावाने आईला बोलावून घेतलं, तेव्हा अख्ख्या गावाने तिच्या नशिबाचा हेवा केला. तिला पोचवायला मी सोबत जाणार होते, आणि माझी मात्र तिकिटं आल्यापासून झोप उडाली होती. आदल्याच वर्षी मूतखड्याने तिची लघवी अडली होती आणि दापोलीच्या दवाखान्यात ती तापाने फणफणून पडली होती. निघण्यापूर्वी तिथल्या डॉक्टरांनी मला दटावलं, की विमानातली हवा कोरडी असते, म्हातारीला सारखं पाणी पाजा, अधूनमधून चालवा, नाहीतर पुन्हा तेच होईल आणि तिथे मी नसेन.

मंडणगडच्या शाळेत मी शास्त्र शिकवायची, त्यामुळे सगळं मलाच कळतं असा माझा तोरा. विमानात तिला मधल्या वाटेकडची खुर्ची दिली, पायांखाली पिशवी ठेवली, गुडघ्यांवर ब्लँकेट घातलं. हवाई सुंदरी पाणी आणायची, आई हसून पेला घ्यायची. आता काळजी नाही, असं समजून मला डोळा लागला.

जाग आली तेव्हा ते सगळे पेले तिच्या खुर्चीखाली भरलेलेच होते. तिचे ओठ सुकून पांढरे पडले होते, हात गार लागत होते. हाक मारली तर तिने डोळे अर्धेच उघडले. खाली नुसता समुद्र, उतरायला कित्येक तास, आणि डॉक्टर दापोलीत.

मी दबक्या आवाजात तिच्यावर बरसले. ती म्हणाली, "बाय, गाडीत बसल्यावर बाईमानसान पानी पिऊ नये."

एसटीने मुंबईला निघताना आमच्याकडच्या बायका आदल्या संध्याकाळपासूनच पाणी पिणं बंद करायच्या. वाटेत आडोसा कुठे मिळणार? मीही तशीच जायची, तरी हे माझ्या डोक्यात आलं नाही. विमानात संडास आहे हे मी तिला दाखवलं होतं, पण तिला त्या कडीची धास्ती. आत अडकले तर कोण काढणार? शेवटी मी म्हटलं, दार नुसतं लोटून घे, मी बाहेर उभी राहते, पहाटे रानाकडे जाताना बायका एकमेकींसाठी राहतात तशी. तेव्हा कुठे तिने पेला तोंडाला लावला.

पहिल्या खेपेला काहीच झालं नाही. तिने बाहेर येऊन नुसती मान हलवली. पुन्हा पाणी, पुन्हा वाट बघणं. शास्त्राच्या बाईंनी मनातल्या मनात ग्रामदेवतेला नवस बोलून घेतला. पुढच्या एका खेपेला दाराआडून आवाज आला आणि मला रडूच फुटलं. मागे ताटकळलेला एक साहेब टकामका बघत राहिला. बघेना का.

त्यानंतर ती पाणी पीत गेली आणि मी दाराशी उभी राहत गेले. तिच्या चेहऱ्यावर रंग आला. विमान खाली येऊ लागलं तेव्हा तिने माझी रजा किती ते विचारलं. मी म्हटलं, महिनाभराची, तू मात्र नातवंडांजवळ सहा महिने राहायचंस. घरी हे ठरलंच होतं, पण त्याचा अर्थ तिला तेव्हा उमगला.

"म्हंजे येताना मी एकलीच," ती म्हणाली. "मंग दाराशी कोन ऱ्हायल?"

मी तिचा पट्टा बांधायला वाकले, तर तो काही केल्या लागत नव्हता.